तळहातावरचे पुरळ आणि गोचिडीचा ताप

भारतीय टिक टायफस हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूजन्य ताप आहे. त्याच्या जिवाणूचे नाव रिकेट्सिया कोनोराय. तापाबरोबर अंगभर लाल ठिपके उठतात, म्हणून डॉक्टर त्याला स्पॉटेड फीव्हर असेही म्हणतात. आजार नवा नाही. मेगॉ या ब्रिटिश डॉक्टरने १९२१ मध्ये कुमाऊंच्या डोंगराळ भागातल्या अशाच तापाचे वर्णन करून त्यामागे गोचीड असावी, असे मांडले होते. महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा आणि पुणे परिसरातून रिकेट्सियाजन्य तापाचे रुग्ण नोंदले गेले आहेत आणि त्यांत लहान मुले बरीच असतात.

हा जिवाणू पसरवते ती मुख्यतः कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड. अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत ती तीन अवस्थांतून जाते. प्रत्येक अवस्थेत एकदा पोटभर रक्त पिते, गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात किंवा कुत्र्याच्या गोणपाटाखाली दडून बसते. तिथे ती काही महिने उपाशीही काढते. रक्ताने टम्म फुगलेली मादी एकाच वेळी हजारांच्या घरात अंडी घालून मरते. रिकेट्सिया या अंड्यांतूनही पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे घरात शिरलेला संसर्ग आपोआप संपत नाही. गुरांवरची नेहमीची गोचीड मात्र उभे आयुष्य एकाच जनावरावर काढते. ती माणसाच्या वाटेला क्वचितच जाते.

गोचीड चिकटल्यानंतर जिवाणू अंगात शिरायला साधारण काही तास लागतात. तिला नखात धरून चिरडल्यास तिच्या शरीरातला द्रव बोटावरच्या ओरखड्यातून किंवा डोळ्यातूनही आत जातो. माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही. चावा दुखत नाही आणि लहान अवस्थेतली गोचीड तिळाएवढीही नसते. त्यामुळे ‘गोचीड चावली होती का?’ या प्रश्नाला बहुतेक घरांतून ‘नाही’ असेच उत्तर येते. घरात किंवा अंगणात कुत्रा आहे का, त्याच्या कानात गोचिडी दिसल्या होत्या का, मूल गवतात किंवा शेतात खेळले होते का, हे विचारणे जास्त उपयोगी. डॉक्टरांनी विचारले नाही, तर घरच्यांनी आपणहून सांगावे.

चाव्यानंतर साधारण आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांनीही, थंडी वाजून जोराचा ताप भरतो. डोके विलक्षण दुखते, अंग मोडून येते, उलट्या होतात, लहान मुले किरकिरी होतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास पुरळ उठते. बहुतेकदा ते मनगट आणि घोट्यापासून सुरू होऊन धडाकडे सरकते आणि तळहात-तळपायांवरही येते. ही खूण फार मोलाची आहे. सुरुवातीच्या ठिपक्यावर काचेचा पेला दाबला, तर ठिपका क्षणभर नाहीसा होतो. दोन दिवसांनी तोच जांभळट होतो आणि दाबूनही जात नाही, कारण तोवर त्वचेखाली रक्त झिरपलेले असते. चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर निदान सोपे होते, पण भारतातल्या या तापात ती दरवेळी सापडतेच असे नाही.

हे सारे घडते, कारण रिकेट्सिया बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतो. अस्तर सुजते, वाहिन्या पाझरू लागतात, चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येते. प्लेटलेट आणि सोडियम घसरते, यकृताच्या चाचण्या बिघडतात. उपचार लांबले तर मेंदू, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांवर परिणाम होतो. क्वचित बोटांची टोके किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडतात.

प्लेटलेट कमी दिसल्या की पावसाळ्यात डेंगीचा शिक्का लगेच बसतो, मुलांत गोवरही वाटू शकतो. स्क्रब टायफस हा या तापाचा जवळचा नातेवाईक. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. तो गोचिडीमुळे नव्हे तर एका सूक्ष्म जिवाच्या चिगर नावाच्या अळीमुळे होतो, मात्र दोघांचे औषध एकच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्याच्या सत्तरीत आढळलेला माकडतापही गोचिडीमुळेच येतो, पण तो विषाणूजन्य आहे आणि त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत.

नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये रिकेट्सिया उगवत नाही, कारण जिवंत पेशीबाहेर तो वाढतच नाही. वाइल-फेलिक्स किंवा आयजीएम एलायझा या रक्तचाचण्या साधारण पहिला आठवडा उलटल्यावर पॉझिटिव्ह येऊ लागतात. सुरुवातीचा निगेटिव्ह अहवाल म्हणून फारसा धरू नये. ताप, पुरळ आणि गोचिडीचा संबंध जुळत असेल, तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणे हाच योग्य मार्ग आहे.

औषध स्वस्त आणि सहज मिळणारे आहे: डॉक्सिसायक्लिन. मोठ्यांना १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मुलांना वजनानुसार, किमान पाच ते सात दिवस आणि ताप उतरल्यावरही तीन दिवस. औषध वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. मुलांचे दात पिवळे पडतील या जुन्या भीतीने ते अजूनही टाळले जाते. ती भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या अनुभवातून आली आहे. डॉक्सिसायक्लिनच्या छोट्या कोर्सने तसे होत नाही. गरोदरपणात सहसा अझिथ्रोमायसिनचा विचार होतो. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखी इंजेक्शने इथे निरुपयोगी आहेत. ती घेऊनही ताप हटत नसेल, तर हा आजार डोळ्यांपुढे यायला हवा. सल्फा औषधांनी तो बिघडू शकतो.

अंगावर गोचीड दिसली तर रॉकेल, तंबाखू, अगरबत्तीचा चटका असले उपाय करू नयेत. बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी आणि जागा व हात साबणाने धुवावेत. कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यांत वरचेवर पाहावे. पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधी पट्टा किंवा मानेवर टाकायचे थेंब वापरावेत, त्याच्या झोपण्याच्या जागेजवळच्या फटी बुजवाव्यात. घरात मांजरही असेल तर जास्त जपावे, कारण कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजरांना जीवघेणे ठरते. गोचीड काढल्यावर ताप नसताना खबरदारी म्हणून गोळ्या घेण्याचे कारण नाही. दोन आठवडे ताप आणि पुरळ यांवर लक्ष ठेवावे, आणि त्यांतले काही दिसल्यास डॉक्टरांना सर्वांत आधी गोचिडीबद्दल सांगावे.