विनोबांना जे साधले, ते अरुणा शानबागला का नाही?

प्रश्न : १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडले आणि देह ठेवला. देशाने ते आदराने स्वीकारले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबागसाठी मरणाची परवानगी मागितली, तेव्हा मात्र सर्वोच्च न्यायालय नाही म्हणाले. फरक नेमका कोणता? आणि आज आपल्याकडे इच्छामरण कायदेशीर आहे की नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फरक असा, की विनोबांचा निर्णय विनोबांनी घेतला. वय ८७, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, पण शुद्ध शाबूत. उपचार घ्या म्हणून विनवणाऱ्यांना ते स्वतः नकार देऊ शकत होते. १९६६ मध्ये सावरकरांनीही असेच अन्न आणि औषध सोडले होते. या दोघांच्या बाबतीत ना डॉक्टरला काही करावे लागले, ना नातेवाइकांना काही ठरवावे लागले. कायद्याच्या दृष्टीने मात्र आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हाही भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हाच होता. मुंबईतले पोलीस शिपाई मारुती दुबळ यांच्यावर त्याच कलमाखाली खटला झाला आणि १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध मानले.

अरुणाताईंना हा नकार देण्याची संधीच कधी मिळाली नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळला गेला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने याचिका केली, तेव्हा न्यायालयापुढे वैद्यकीय प्रश्नाइतकाच मोठा दुसरा प्रश्न होता : यांच्या वतीने बोलायचे कुणी? आईवडील हयात नव्हते. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी तो अधिकार विराणींना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले होते, पुसले होते, कुशीवर वळवले होते. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : अरुणा आमची आहे, तिला जगू द्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

मला तो निकाल योग्य वाटतो. ज्यांनी हाताने घास भरवला त्यांना डावलून दुसऱ्या कुणाला निर्णयाचा अधिकार देणे बरोबर झाले नसते. पण एक खंत राहतेच. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे ना विराणींना ठाऊक होते, ना परिचारिकांना. दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर माया होती, आणि दोन्ही बाजू अंदाजच करत होत्या.

त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट मात्र मोकळी केली, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुढचे पाऊल टाकले. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे आणि माणूस आपली इच्छा आधीच लिहून ठेवू शकतो, हे मान्य झाले. त्यालाच लिव्हिंग विल म्हणतात. म्हणजे बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर काढणे, नळीवाटे दिले जाणारे अन्न थांबवणे कायदेशीर आहे. इंजेक्शन देऊन मरण आणणे हा आजही गुन्हाच आहे. २०१८ च्या सुमारास गिरगावातल्या एका वृद्ध दांपत्याने, दुर्धर आजार नसताना, राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. आपल्या कायद्यात तिला जागा नव्हती.

इंजेक्शनलाही परवानगी द्यावी, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. नळी काढून दोन आठवडे मरणाची वाट पाहण्यापेक्षा एका क्षणात सुटका अधिक दयाळू नाही का, असे ते विचारतात. नेदरलँड्सने २००२ पासून ती वाट स्वीकारली आहे. तरीही आपल्याकडे आज ती उघडू नये, असे माझे मत आहे. कारण आपल्या रुग्णालयांच्या दारात दिसते. ‘डामा’ हा शब्द तिथल्या वॉर्डबॉयलाही ठाऊक असतो : डॉक्टरांचा सल्ला डावलून रुग्णाला घरी नेणे. आयसीयूचे बिल चढत जाते, शेत गहाण पडते, आणि एके दिवशी मुलगा कागदावर सही करून वडिलांना गाडीत घालून गावाकडे नेतो. ज्याला घरी मरायचे होते त्याचे मरण आणि पैसे संपले म्हणून आलेले मरण बाहेरून सारखेच दिसते. अशा ठिकाणी मरणाचे औषध कायदेशीर झाले, तर ‘मला आता पुरे’ हे वाक्य म्हातारी आई स्वतःसाठी म्हणते की सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून, हे कोण ओळखणार?

आधी वेदनेवर इलाज हवा. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून असाध्य कर्करुग्णांची शेवटपर्यंत सेवा करते आहे. पण तालुक्याच्या गावी मॉर्फिन मिळणेसुद्धा मुश्कील. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने औषधांची दुकाने ते ठेवतच नसत. २०१४ मध्ये कायदा सुधारला, भीती तेवढ्या वेगाने गेली नाही. वेदना थांबल्यावरही कुणी मरण मागत असेल तर त्याचे ऐकून घेऊ. वेदनाच थांबवता येत नसताना त्याची मागणी मोकळ्या मनाची कशी मानायची?

तुम्हाला आज करता येण्यासारखे मात्र एक काम आहे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने लिव्हिंग विल सोपे झाले. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावे लागे. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यात नावानिशी लिहावे. वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळे प्रकृती तपासतात, मगच उपचार थांबतात. शुद्धीत असताना हा कागद कधीही बदलता किंवा रद्द करता येतो. एक प्रत महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या, एक तुमच्या डॉक्टरांकडे. आणि सही करण्याआधी मुलांना शेजारी बसवून तो मोठ्याने वाचून दाखवा.