विसंगतीचा उलगडा : भिलाईचे एक उदाहरण

बँकांच्या भरतीसाठी आणि पदोन्नतीसाठी होणाऱ्या परीक्षांत तर्कशक्तीच्या प्रश्नांचा एक प्रकार चांगल्या तयारीच्या उमेदवारालाही अडवतो. परस्परांशी न जुळणारी दोन विधाने दिलेली असतात आणि त्यांतील विसंगती दूर करणारा पर्याय निवडावयाचा असतो.

भिलाईचेच उदाहरण घेऊ. ‘येथील पोलाद कारखान्यातील कायम कर्मचाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत बरीच घटली, त्याच काळात कारखान्याची उत्पादनक्षमता मात्र वाढली.’ ज्या घरांत एका पिढीने कारखान्यात उमेदीची वर्षे घालविली आणि पुढची पिढी बँकेच्या परीक्षा देते आहे, तेथे हे विधान केवळ कागदावरचे नाही. म्हणूनच की काय, उमेदवार दोहोंपैकी एका विधानावर शंका घेऊ लागतो. ही पहिली चूक. दोन्ही विधाने सत्य मानूनच पुढे जावयाचे असते.

आता पर्याय पाहू. (अ) देशात पोलादाची मागणी वाढली. (आ) निवृत्तांच्या जागी नवी भरती कमी झाली. (इ) कर्मचाऱ्यांचे कामाचे तास कमी करण्यात आले. (ई) नव्या यंत्रसामग्रीमुळे थोड्या माणसांकडून अधिक उत्पादन होऊ लागले.

‘अ’ फक्त वाढीचे कारण सांगतो, ‘आ’ फक्त घटीचे. ‘इ’मुळे तर कोडे अधिकच अवघड होते. दोन्ही विधानांना एकत्र नांदू देणारा पर्याय ‘ई’ हाच. इतिहासही त्याला दुजोरा देतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा संपूर्ण कारखान्याची नियोजित क्षमता वर्षाला १० लाख टन पोलाद एवढी होती. २०१८ मध्ये सुरू झालेली आठवी झोतभट्टी एकटीच दिवसाला सुमारे ८,००० टन वितळलेले लोखंड देऊ शकते.

तथापि विधानातील ‘कायम’ हा शब्द नजरेआड करू नये. ‘पूर्वी कायम कर्मचारी करीत असलेली पुष्कळ कामे कंत्राटदारांकडे गेली’ असा पर्याय असता, तर तोही विसंगतीचा उलगडा करू शकला असता. कारण कायम कर्मचारी घटले म्हणजे राबणारे हात तेवढेच घटले, असे नव्हे. या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभी केली होती. कायम कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटावर हे कामगार नव्हते.

‘खालीलपैकी एक वगळता सर्व पर्याय उलगडा करतात’ अशी रचना असेल, तर कसोटी तीच, उत्तर मात्र उलट शोधावे.

सरावासाठी बँकव्यवहारातील एक प्रश्न. यूपीआयची सुरुवात २०१६ मध्ये झाली आणि मोबाइलवरून होणारे व्यवहार झपाट्याने वाढले. तरीही चलनातील नोटांचे मूल्य नोव्हेंबर २०१६ च्या प्रारंभी सुमारे १७.७ लाख कोटी रुपये होते, ते मार्च २०२४ अखेर सुमारे ३४.८ लाख कोटींवर गेले. रोख रक्कम लोक खर्चण्यासाठी बाळगतात की साठविण्यासाठी, हे ध्यानात घेऊन वाचकांनी उत्तर स्वतः शोधून पाहावे.