रुंद पावलांसाठी हिवाळी रायडिंग बूट

प्रश्न : डॉक्टर, मी ४६ वर्षांची असून कॅनडात कॅल्गरीला राहते. आठवड्यातून दोनदा घोडेस्वारी करते. माझी पावलं चवड्याशी बरीच रुंद आहेत. लोकरी अस्तराचे बूट घेतले, आत मोज्यांचे दोन जोड घालते, तरी अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. आणखी जाड बूट घेऊ का?

उत्तर : जाड नकोत, ऐसपैस घ्या. पायाला ऊब मिळते ती रक्तातून; बूट ती फक्त टिकवून धरतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. खोगिरावर पाय नुसते लोंबतात, त्यामुळे हे काम मंदावतं. त्यात बुटाने चवडा आवळला की बारीक रक्तवाहिन्या आणि बोटांमधल्या नसा दबतात. शिवाय अस्तर ऊब धरतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. घट्ट बुटात दुसरा मोजा कोंबला की तीही जागा जाते. तुमचा दुसरा मोजाच पाय गार करत असण्याची शक्यता मोठी आहे.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. हिवाळी मोजा घालून कागदावर उभं राहा, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. रुंदीसाठी लांबीचा नंबर मात्र वाढवू नका. टाच आत उचलली जाते, सोलतं, आणि बूट भलत्याच जागी मुडपतो. उत्तर अमेरिकेत बायकांच्या बुटांत ‘बी’ म्हणजे मध्यम आणि ‘डी’ म्हणजे रुंद. पुरुषांच्या बुटांत मात्र ‘डी’ हीच मध्यम रुंदी. त्यामुळे पुरुषांचे बूट साधारण दीड नंबर कमी करून घालून पाहायला हरकत नाही. बूट घालून उभं राहिल्यावर सगळी बोटं मोकळी हलली पाहिजेत आणि टाच जागच्या जागी राहिली पाहिजे.

गुडघ्यापर्यंतचे बूट घेणार असाल तर खुर्चीत गुडघा काटकोनात ठेवून, ब्रीचेसवरूनच पोटरीचा घेर मोजा. पोटरीही भरलेली असेल तर घोट्यापर्यंतचे पॅडॉक बूट आणि वर हाफ चॅप्स ही जोडी सोयीची पडते.

आता सुरक्षिततेचं. बर्फात चालायचे साधे बूट घालून घोड्यावर बसू नका. त्यांच्या तळाच्या खोल खाचा रिकिबीत अडकतात आणि टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं. अशा वेळी पडलात तर घोडा फरपटत नेऊ शकतो. सुमारे अडीच सेंटीमीटरची ठसठशीत टाच आणि फार खाचा नसलेला तळ हवाच. रुंद हिवाळी बूट जुन्या रिकिबीत बसतोय का, तेही पाहा. रिकीब बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहते. नाहीतर बुटाबरोबर रिकीबही बदला.

मोजा एकच, पण लोकरीचा. सुती मोजा घाम शोषून ओला राहतो आणि पाय गार पडतो. अस्तरावर २००, ४०० ग्रॅम असे आकडे असतात. आकडा मोठा तशी ऊब जास्त, पण बूटही अवजड. तबेल्यात काम करताना घाम येत असेल तर फार मोठा आकडा नको. अधूनमधून उतरून दहा मिनिटं घोड्याबरोबर चाला. याइतका स्वस्त उपाय नाही.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर बुटात ठेवायच्या गरम पुड्या वापरू नका. भाजल्याचं कळतही नाही. नवे बूट काढल्यावर रोज तळवे आणि बोटं नीट पाहा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकरनी, हातपाय गार पडतात. अशी गोळी घेत असाल तर डॉक्टरांशी बोला, मनाने बंद करू नका. धूम्रपानानेही रक्तवाहिन्या आकसतात.

बोटं पांढरीफटक किंवा मेणासारखी कडक झाली तर तो हिमदंश असू शकतो. चोळू नका, शेकोटीशी धरू नका. आडोशाला जा, ओले मोजे काढा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. बूट बदलूनही बधिरपणा राहिला, गरम खोलीतही मुंग्या येत राहिल्या, किंवा थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होऊ लागली, तर तपासणी करून घ्या.

दुकानात तुमचे हिवाळी मोजे आणि ब्रीचेस घेऊनच जा. चवड्याला घट्ट वाटणारा बूट ‘वापरून सैल होईल’ असं विक्रेता म्हणाला तरी तो घेऊ नका.