कृमिरोगातील निदानपरिवर्जन : एका शाकाहारी रुग्णाच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, कृमिचिकित्सेची अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन अशी तीन अंगे सांगितली आहेत. नित्याच्या व्यवसायात विडंग, पलाशबीज, कंपिल्लक देऊन आपण पहिली दोन अंगे सांभाळतो. तिसरे मात्र बहुधा ‘गोड कमी खा’ एवढ्यावरच संपते. प्राणिजन्य कृमींच्या बाबतीत ही उणीव किती घातक ठरते, हे मला एका रुग्णाने शिकविले.

काही वर्षांपूर्वी टेमघर येथील माझ्या चिकित्सालयात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण शिरःशूलाची तक्रार घेऊन आला. तो जन्मतः शाकाहारी होता, त्यामुळे कृमींचा विचार माझ्या मनातही आला नाही. औषध चालू असतानाच त्यास आकडी आली. पुढे मेंदूच्या तपासणीत ‘टीनिया सोलियम’ या डुकरातील फीतकृमीची पुटी आढळली.

संप्राप्ती

येथे दोन मार्ग वेगळे ओळखले पाहिजेत. पुटीयुक्त डुकराचे मांस अर्धकच्चे खाल्ल्यास आतड्यात फीतकृमी वाढतो. त्या मनुष्याच्या मलातून अंडी बाहेर पडतात. तो मल डुकराने खाल्ला की त्याच्या मांसात पुट्या होतात. परंतु तीच अंडी अस्वच्छ हात, कच्ची भाजी वा दूषित पाणी यांद्वारे मनुष्याच्या पोटात गेली, तर त्यांतील अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे मेंदू, नेत्र व मांसपेशी गाठतात. म्हणजेच मेंदूतील पुटीचे मूळ मांसाच्या ताटात नसून मनुष्याच्या मलात आहे. शाकाहार हे येथे कवच नव्हे. जेथे हा कृमी स्थायिक आहे, अशा अनेक प्रदेशांत अपस्माराचे सुमारे 30 टक्के रुग्ण यामुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

टेमघरच्या केंद्रात उल्हास नदीचे पाणी शुद्ध होते. पण खानावळीतील कोशिंबीर कोणत्या पाण्याने धुतली आणि वाढणाऱ्याचे हात कसे होते, हे ते केंद्र ठरवू शकत नाही.

चिकित्सेतील सावधगिरी

प्रौढ वयात प्रथमच आकडी आल्यास कृमिघ्न औषध देण्याची घाई करू नये. मेंदूतील अळी मरताना भोवती शोथ वाढून आकडी बळावू शकते. रुग्णास प्रथम मेंदूच्या तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवावे. चालू असलेले अपस्मारविरोधी औषध आपण बंद करू नये. औषध विक्रेत्यांनीही अल्बेंडाझोल देण्यापूर्वी आकडी वा तीव्र डोकेदुखी आहे काय, हे विचारावे आणि असल्यास रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

निदानपरिवर्जन

1. मलातून पांढरे, चपटे तुकडे पडतात काय, हा प्रश्न रुग्णास, त्याच्या घरच्यांना व स्वयंपाक करणाऱ्यास विचारावा; तसे असल्यास मलपरीक्षा व उपचार करावेत.
2. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुण्यास सांगावे.
3. पालेभाजी शिजवूनच खावी. कच्चे खायचे ते शुद्ध, वाहत्या पाण्यात चोळून धुवावे.
4. डुकराचे मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे. तपासणी न झालेले मांस घेऊ नये.

त्या तरुणाच्या आकड्या उपचारांनी थांबल्या. मात्र त्याच्या खोलीत राहणाऱ्यांची मलपरीक्षा करावी, हे मला फार उशिरा सुचले. तोवर त्यांतील काही जण गावी परतले होते. वैद्यबंधूंनी ही चूक करू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.