शाळेचे तास आणि विद्यार्थ्याचे शिकणे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातील पालकांमध्ये एक चर्चा हटकून सुरू होते. शाळा फार लवकर सुटते, उरलेल्या वेळात मुले उनाडक्या करतात, तेव्हा शाळेचे तास वाढवले पाहिजेत, निदान विहारातील अभ्यासवर्ग तरी रात्री दहापर्यंत चालवावा, अशी मागणी होते. या मागणीमागची तळमळ खरी आहे. ज्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे तेथे अभ्यास घेणारे कोणी नसते. आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे व टीव्ही असताना मुलाने पुस्तक उघडायचे कोठे, हाही प्रश्न असतोच. परंतु तास वाढवले म्हणजे शिकणे वाढते काय, हा प्रश्न नुसत्या तळमळीने सुटणारा नाही. त्यावर अनेक देशांत पद्धतशीर अभ्यास झालेला आहे, आपल्या मुंबईतही झालेला आहे. त्यातील आम्हांस महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवत आहोत.

प्रथम, आज शाळेला वेळ किती आहे ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापनाचे तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास असे प्रमाण घालून दिलेले आहे. म्हणजे लहान मुलांना दिवसाला सरासरी चार तास आणि मोठ्यांना साडेचार तासांच्या आसपास. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, त्यात पाठाची तयारीही आली. मुंबईसारख्या शहरात इमारती अपुऱ्या म्हणून एकाच इमारतीत सकाळची व दुपारची अशी दोन सत्रे भरतात. तेथे तास वाढवायचे म्हटले तर आधी वर्गखोल्या वाढवाव्या लागतील, ही गोष्ट पालकसभेत सहसा कोणी बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी १९६३ साली एक साधा पण मोलाचा विचार मांडला. प्रत्येक मुलाला एखादी गोष्ट शिकण्यास विशिष्ट वेळ लागतो, कोणाला कमी, कोणाला जास्त. मूल किती शिकेल, हे त्याला लागणाऱ्या वेळेच्या मानाने त्याने प्रत्यक्ष शिकण्यात किती वेळ घातला यावर ठरते. ज्याला आपण 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवतो, तो पुष्कळदा जास्त वेळ लागणारा मुलगा असतो, इतकेच. आपल्या पिढ्यान् पिढ्यांना 'यांना विद्या जमणार नाही' असे ऐकवले गेले आहे, म्हणून हा विचार आपल्या विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावा असे आम्हांस वाटते.

मात्र कॅरोल यांचा वेळ हा घड्याळातला वेळ नव्हे. हजेरी, वह्या वाटणे, खिचडीची रांग, सरांना कार्यालयात आलेले बोलावणे, हे सारे शाळेच्या तासांतच मोजले जाते. २००३ साली देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन एक पाहणी झाली. तीत सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत गैरहजर आढळले, आणि प्रत्यक्ष शिकवताना आढळले ते जेमतेम निम्मे. महाराष्ट्रात गैरहजेरी सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होती, हे येथील शिक्षकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण चार तासांपैकी दोनच तास शिकवणे होत असेल, तर पाचवा तास जोडून अर्धाच तास पदरात पडेल, हे गणित सोपे आहे.

तास वाढवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने केला. तेथेही पूर्वी दोन सत्रांत अर्धवेळ शाळा भरत. १९९७ साली कायदा करून पूर्ण दिवसाची शाळा आणली. तिसरी ते आठवीचे आठवड्याचे तास ३० वरून ३८ झाले, माध्यमिकचे ४२ झाले. इमारती बांधल्या, खर्च अफाट झाला. २००९ साली क्रिस्तिआन बेयेई या अभ्यासकाने माध्यमिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले, तेव्हा भाषा व गणितात सुधारणा आढळली खरी, पण ती लहान होती. शंभर मुलांत मधोमध, म्हणजे पन्नासाव्या पायरीवर असलेला मुलगा साधारण दोन-तीन पायऱ्या वर गेला. ग्रामीण व सरकारी शाळांतील मुलांना लाभ अधिक झाला, ही समाधानाची बाब. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की जे विद्यार्थी आधीच पुढे होते त्यांनी वाढीव वेळेचा फायदा जास्त घेतला. याचे कारण शोधण्यास फार दूर जायला नको. सातवीचा पाठ एक तास जास्त शिकवला तर ज्याला सातवीचे कळते त्याला तो उपयोगी. ज्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला एक तास जास्त बसणे येते. चिलीतील इतर अभ्यासांत पूर्ण दिवसाच्या शाळेमुळे अल्पवयीन मुलींचे मातृत्व व किशोरांचे गुन्हे कमी झाल्याचे आढळले. म्हणजे शाळा लांबवण्याला शिकण्यापलीकडचीही फळे आहेत. आई-वडील दोघेही कामावर जाणाऱ्या वस्तीत मुले सुरक्षित जागी राहणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

व्हिक्टर लॅव्ही या अर्थशास्त्रज्ञाने २००६ च्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतील पन्नासहून अधिक देशांची माहिती घेऊन हाच प्रश्न तपासला. एखाद्या विषयाचे तास वाढले की त्या विषयातील गुण वाढतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. पण विकसनशील देशांत ही वाढ श्रीमंत देशांच्या मानाने बरीच कमी आढळली. तास तोच, पण त्या तासात घडते ते वेगळे.

आपल्या देशातील हरियाणाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तेथील सरकारने २०११-१२ च्या सुमारास सर्वच शाळांचा दिवस एका तासाने वाढवला. पुढील वर्षी महेंद्रगढ व कुरुक्षेत्र या दोन जिल्ह्यांतील ४०० शाळांत एक तुलना करण्यात आली. काही शाळांत हा वाढीव तास नेहमीच्या शिकवण्यातच मिसळून गेला. उरलेल्या शाळांत त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले आपापल्या इयत्तेचा वर्ग सोडून, ज्याला जेवढे वाचता येते त्या पातळीच्या गटात जाऊन बसत, आणि शिक्षक त्या पातळीचेच हिंदी वाचन शिकवीत. ही पद्धत 'प्रथम' या संस्थेची, जिच्या संस्थापकांत डॉ. माधव चव्हाण हे आपले मराठी गृहस्थ आहेत. वर्षाअखेर चाचणी घेतली. पातळीप्रमाणे गट केलेल्या शाळांतील मधला विद्यार्थी हिंदीत पन्नासाव्या पायरीवरून सुमारे छप्पन्नाव्या पायरीवर आला होता. गणितात फरक नव्हता, कारण त्या तासात गणित घेतलेच नव्हते. लक्षात घ्या, दोन्ही प्रकारच्या शाळांचा दिवस सारखाच लांब होता. फरक पडला तो त्या तासात काय केले यामुळे.

याहूनही आम्हांस मुंबईचा दाखला अधिक जवळचा वाटतो. २००१ नंतरच्या काही वर्षांत मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' उपक्रमाची तपासणी झाली. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले शाळेच्याच वेळेत, रोज सुमारे दोन तास, वर्गाबाहेर काढून एका तरुणीकडे दिली जात. ही बालसखी त्याच परिसरातील, दहावी-बारावी शिकलेली मुलगी असे. तिला थोडे दिवस प्रशिक्षण व महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन मिळे. बसायला खोली नसली तर व्हरांडा. शाळेचा दिवस एका मिनिटानेही वाढला नव्हता. तरी दुसऱ्या वर्षाअखेर त्या शाळांतील मधला विद्यार्थी पन्नासाव्या पायरीवरून साठाच्या पुढे गेला, आणि सुधारणा झाली ती बालसखीकडे गेलेल्या मुलांत. वर्गात उरलेल्या मुलांना गर्दी कमी होऊनही विशेष लाभ झाला नाही. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वस्तीत बारावी झालेल्या आणि घरी बसलेल्या मुली किती आहेत, याची मोजणी संस्थेच्या महिला मंडळाने एकदा करावी, असे हे वाचताना आम्हांस वाटून गेले.

तास वाढवण्याची एक किंमतही असते, आणि ती सर्वांत गरीब मुलाला मोजावी लागते. शाळेतून येऊन जी मुलगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, आई कामावरून येईपर्यंत भात लावते, तिची शाळा सहापर्यंत केली तर ती शाळेत जास्त वेळ राहीलच असे नाही. तिचे नावच पटावरून जाईल अशी भीती आहे. दुपारच्या एका जेवणावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलाला बसवणे हेही बरे नाही. शाळा लांबवणाऱ्याने दुसऱ्या खाण्याची सोय आधी सांगावी. आपल्या थोर शिक्षकांनी हे ओळखले होते. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामगारांसाठी शाळा काढली ती रात्रीची. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या आयुष्यात जो वेळ मोकळा आहे, तेथे त्यांनी शिक्षण नेऊन ठेवले.

झोपेचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास व पुढे अठरा वर्षांपर्यंत आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविषयक वैद्यकतज्ज्ञ सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा जो आदेश काढला, त्यामागे हेच कारण होते.

येथे विद्यार्थी मित्र विचारतील, की मग १४ एप्रिलला सलग अठरा तास अभ्यासाचा जो उपक्रम अनेक ग्रंथालयांत होतो, त्याचे काय? तो उपक्रम चांगलाच आहे. त्याने बैठक लागते आणि बाबासाहेबांच्या परिश्रमाची थोडी कल्पना येते. पण तो वर्षातील एका दिवसाचा आहे, आणि बाबासाहेबांचा तो अभ्यास प्रौढ वयातला, स्वतः निवडलेल्या विषयांचा, ग्रंथालयात बसून केलेला होता. शाळकरी वयात परळच्या चाळीतील खोलीत रामजीबाबा त्यांना लवकर झोपवीत व रात्री दोनला उठवीत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आपण दोन वाजताचे उठणे तेवढे सांगतो, लवकर झोपवणे विसरतो.

आता आपल्या अभ्यासवर्गाविषयी. तो रात्री दहापर्यंत नेण्यापेक्षा सायंकाळी दीड तासाचाच ठेवावा, पण आठवड्यातून सहा दिवस नियमित चालावा, असे आमचे मत आहे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाकडून पहिल्या आठवड्यात एक परिच्छेद वाचून घ्यावा आणि एक वजाबाकी व एक भागाकार करून घ्यावा. याला मुलामागे दहा मिनिटे पुरतात. मग इयत्ता न पाहता गट करावेत. आठवीचा मुलगा पाचवीच्या मुलाशेजारी बसण्यास लाजतो, म्हणून गटांना इयत्तेची नव्हे, साधी नावे द्यावीत. पाऊण तास वाचन, अर्धा तास गणित, आणि उरलेली पंधरा मिनिटे काल व परवा शिकलेले पुस्तक मिटून आठवून लिहिणे. शेवटची गोष्ट पालकांना वेळ फुकट घालवणे वाटेल. पण पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिल्याने आठवडाभरानंतर अधिक लक्षात राहते, असे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी यांनी प्रयोगाने दाखवले आहे. थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हेही शंभराहून अधिक वर्षांपासून मानसशास्त्राला ठाऊक आहे.

दहावी-बारावीच्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा जागा हवी असते. त्यांच्यासाठी विहाराची वरची खोली रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवावी, दिवे व पंखा चालू असावा आणि आळीपाळीने एक वडीलधारी व्यक्ती तेथे नुसती बसलेली असावी. मुलींना घरी सोडण्याची व्यवस्था ठरल्याशिवाय मात्र ही वेळ जाहीर करू नये. आणि तीन महिन्यांनी तोच परिच्छेद व तशीच गणिते पुन्हा घेऊन, किती मुले एका गटातून पुढच्या गटात गेली, याचा तक्ता विहाराच्या फलकावर नावांशिवाय लावावा.