कोरकू मुलांचें मराठीचें वर्ष

मेळघाटांतील अनेक मुलांची मायबोली कोरकू होय. ती मुंडा कुळांतील असल्यामुळें मराठी त्यांस परभाषाच ठरते. यास्तव वर्षाची आंखणी निराळी हवी, असें आम्हांस वाटतें.

जूनअखेरीपासून पोळ्यापर्यंत केवळ श्रवण व संभाषण असावें. 'आम्ही' व 'आपण' हा भेद कोरकूंतही आहे. तेथून आरंभ करावा. परंतु कोरकूंत नामांचा मुख्य भेद सजीव-निर्जीव असा असल्यानें 'तो डोंगर', 'ती नदी', 'तें झाड' यांचा सराव नित्य घ्यावा. पोळ्यानंतर वाचन-लेखन. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें मजुरीस बाहेर जातात; म्हणून मुख्य पाठ तत्पूर्वींच पुरे करावेत व होळीस परतणाऱ्यांसाठीं उजळणी राखावी. पालकांनीं मात्र घरीं कोरकू सोडूं नये. तिच्याच आधारें मुलें मराठीचा अर्थ लावतात.