ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार जाते? आधी रेग्युलेटर तपासा



गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री-बेरात्री रस्त्यावर असतात. उमरखेड-महागाव-पुसद भागात दिवे मंद झालेला ट्रॅक्टर अंधारात उभा राहिला, तर नुसता खोळंबा होत नाही, मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. मग आपण म्हणतो, "बॅटरीच गेली, भाऊ!" आणि नवी आणतो. पण दोष रेग्युलेटरचा असेल तर नवीही टिकत नाही.

रेग्युलेटर करतो काय? इंजिनाचा पट्टा अल्टरनेटर फिरवतो. वेग वाढला की व्होल्टेज वाढू लागते. कालव्याला पाणी जास्त झाले की पाटकरी दार खाली घेतो, कमी झाले की उचलतो. तसाच रेग्युलेटर अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज ठरावीक ठेवतो. जुन्या डायनॅमोला याची वेगळी डबी असे, तिलाच आपण 'कटआऊट' म्हणत आलो. आता तो बहुधा अल्टरनेटरमध्येच बसवलेला असतो.

तपासणी सोपी आहे. साधे मीटर डीसी २० व्होल्टवर लावावे, लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला.

१) इंजिन रात्रभर बंद असताना चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्यावी.

२) इंजिन चालू करून रेस थोडी वाढवावी. काटा साधारण १३.८ ते १४.४ वर स्थिर राहिला पाहिजे. रेस आणखी वाढवली तरी तो चढत जाता कामा नये.

३) सगळे दिवे लावावेत. तरीही १३.५ च्या आसपास मिळाले तर चार्जिंग ठीक समजावे.

१५ च्या वर गेले, तर रेग्युलेटर बिघडला किंवा त्याचे अर्थिंग सैल झाले. असे झाले की बॅटरीचे पाणी लवकर आटते, बल्ब उडतात. १३ च्या खालीच राहिले, तर लगेच रेग्युलेटरला दोष देऊ नये. पट्टा ढिला आहे का, टर्मिनलवर पांढरी बुरशी आहे का, ते पाहावे. मग अल्टरनेटरच्या जाड तारेवर मीटर धरावे. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ आले, तर तारेत किंवा जोडात दोष आहे. दोन्हीकडे कमीच आले, तर अल्टरनेटर व रेग्युलेटर कारागिराला दाखवावेत.

दोन गोष्टी आम्ही कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'चार्जिंग बघणे' बंद करा. त्याने अल्टरनेटरचे डायोड जळतात. आणि बॅटरीजवळ बिडी किंवा काडी नको, तिचा वायू भडकतो.

पुढची ट्रॉली भरण्याआधी एवढी दहा मिनिटे काढावीत, ही विनंती.